मुरबाडच्या बागेची वही : हंगाम २०२४-२५

९ जून २०२४, रविवार

वेधशाळेने आज मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. बागेत पहिली जोरदार सर दुपारी तीनला आली. पडवीत बसून नवीन वही उघडली.

पहिल्या पानावर नेहमीचा तपशील. मुरबाड-म्हसा रस्त्यालगत साडेचार एकर. १८२ झाडं, अंतर १० बाय १० मीटर. हापूस १४१, केसर २९, रत्ना १२. लागवड १९९८ ची, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतली. आप्पांनी स्वतः खड्डे मोजून घेतले होते. सहा जागा मेलेल्या झाडांच्या, रिकाम्या. केसर आणि रत्ना हौसेने लावलेले नाहीत. हापूसला स्वतःच्या परागाने फारसं फळ धरत नाही, जवळ दुसऱ्या जातीची झाडं असली की फळ जास्त धरतं.

यंदा वहीत एक काम वेगळं आहे. मागच्या महिन्यात वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर हिशोबाला थांबले होते. माझ्यासमोर आमचे क्रेट उघडून त्यातला आंबा देवगड छापलेल्या पेट्यांत भरला जात होता. मी विचारलं, तर "सगळे असंच करतात" एवढंच उत्तर मिळालं. घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, जेवण अर्धं टाकून उठले.

तेव्हा यंदाचं काम असं : निदान निम्मा आंबा आपल्या गावाच्या नावाने, आपल्या पेटीत विकायचा. दोन डझनांच्या ५०० पेट्या धरल्या आहेत.

१६ जून

खतं. फांद्यांच्या घेराच्या थोडं आत गोल चर, वीतभर खोल. झाडामागे ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट, वर पोटॅश. ९० झाडं झाली. शेणखत कमी पडलं, उरलेलं शेजारच्या गोठ्यातून पुढच्या आठवड्यात. कळव्याच्या घरी पोचायला रात्रीचे अकरा झाले.

११ ऑगस्ट

कल्टार आज घातलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून उघडिपीची वाट बघत होतो. पंधरा ऑगस्टच्या पुढे गेलं की उपयोग कमी, आणि घातल्यावर लगेच मोठा पाऊस आला तर औषध वाहून जातं. आज सकाळपासून आभाळ उघडं होतं.

मात्रा झाडाच्या घेरावर. घेराच्या दर मीटरला ३ मिली. आठ मीटरच्या झाडाला २४ मिली, पाच लिटर पाण्यात कालवून. खोड आणि घेराची कड यांच्या साधारण मध्यावर पहारीने २५-३० भोकं पाडायची, चार-पाच इंच खोल. त्यात सारखं ओतायचं आणि माती लोटायची. बागेवरच्या दादांनी पहार धरली, वहिनींनी मापं घेतली, मी झाडाझाडाची नोंद केली.

घातलं फक्त ६४ झाडांना. हे औषध झाडाची पालवी रोखून त्याला मोहोराकडे वळवतं. अशक्त झाडाला दिलं की ते एक वर्ष लगडतं आणि मग पाच वर्षं रडतं. बागेच्या वरच्या बांधाची २२ झाडं तीन वर्षांपूर्वी अशीच बसली, त्यांना अजून जोम नाही. शेजारच्या बागांत दरवर्षी सरसकट कल्टार ओततात, खताचा मात्र पत्ता नसतो. ते बघवत नाही.

तरी ते पूर्ण सोडून चालणार नाही. आपण समुद्रापासून लांब. देवगड-रत्नागिरीचा माल मार्चमध्ये वाशीला येतो. आपला स्वतःच्या गतीने झाला तर मेच्या मध्याला, आणि तेव्हा दर बसलेले असतात. चांगल्या झाडांचा मोहोर पंधरा-वीस दिवस अलीकडे आणला तर अक्षय्य तृतीयेला पेटी देता येईल.

१५ सप्टेंबर

बांडगूळ काढलं. पावसात त्याची पानं वेगळी ओळखू येतात. ३७ झाडांवर सापडलं. नुसतं ओरबाडून भागत नाही, फांदी त्याच्या खालून वीतभर कापावी लागते, नाहीतर आतल्या मुळातून पुन्हा फुटतं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. दोन झाडांच्या बुंध्याला भिरूड लागलेलं. भुसा पडला होता त्यावरून कळलं. तारेने अळी ओढून काढली, भोकात औषधाचा बोळा, वर चिखल.

२९ सप्टेंबर

बुधवारी २५ ला ठाण्यात रात्री पाणी तुंबलं होतं तेव्हा माझा जीव बागेत होता. खालच्या कोपऱ्यात अकरा झाडांच्या आळ्यात पाणी साचलेलं दिसलं. दादांनी चर फोडून ओढ्याकडे काढून दिलं.

२० ऑक्टोबर

पाऊस लांबला. दसरा झाला तरी सरी होत्या. जमीन ओली राहिली की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं, आणि तीच झाली. कल्टार न घातलेल्या झाडांवर तांबूस कोवळी पानं भरून आली आहेत. दिसायला सुंदर, पण ही पानं पिकायला दोन-अडीच महिने जाणार, म्हणजे मोहोर जानेवारीत. ६४ झाडं मात्र गप्प उभी आहेत, गर्द हिरवी. त्यांच्यावरच सगळी भिस्त.

पालवीवर तुडतुडे दिसले. फांदी हलवली की टरटर उडतात.

२४ नोव्हेंबर

बुधवारी मतदान, गुरुवारी माणसं आली नाहीत, फवारणी काल-आज झाली. पहिली फवारणी डेल्टामेथ्रिन, दहा लिटरला ९ मिली. बुंधा, जाड फांद्या, सालीच्या भेगा, सगळं भिजवून घेतलं. तुडतुडे दिवसा तिथेच दडतात. नुसत्या शेंड्यावर फवारा मारून लोक समाधान मानतात आणि मोहोर काळा पडला की औषधाला शिव्या देतात.

कल्टारच्या झाडांवर डोळे फुगले आहेत. वहिनींनी एका शेंड्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे पान नाही ताई, हा मोहोर."

१० डिसेंबर

थंडी आली. बागेतल्या तापमापकावर काल पहाटे १० अंश. ६४ पैकी ५८ झाडांवर मोहोर बाहेर पडतोय. दुसरी फवारणी, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ६ मिली, सोबत भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक २० ग्रॅम, दहा लिटरला.

२२ डिसेंबर

बाग घमघमतेय. आप्पांना घेऊन आले होते. पायऱ्या चढताना दम लागतो म्हणून खालीच खुर्ची टाकली. दोन तास नुसते बसून होते.

फुलं उमलली आहेत, त्यामुळे फवारा पूर्ण बंद. माशा, मधमाश्या येतात त्या सकाळी नऊनंतर, थंडीने उशिरा. फार गार रात्री पडल्या की मोहोरात नर फुलं जास्त निघतात आणि फळ धरायची संयुक्त फुलं कमी. भिंगाने दहा तुऱ्यांवरची फुलं मोजली. संयुक्त फुलं शंभरात नऊ-दहा. फार नाहीत, पण पुरतील.

आप्पांनी गाडीत बसताना विचारलं, "पेटीवर काय लिहिणार?" मी म्हटलं, मुरबाड. त्यांनी मान हलवली.

१३ जानेवारी २०२५

पौष पौर्णिमा. म्हशाची जत्रा सुरू, रस्त्यावर बैलांच्या आणि घोंगड्यांच्या गाड्या. या आठवड्यात वाडीवरचं एकही माणूस कामाला मिळत नाही आणि मिळूही नये, वर्षात त्यांचा हा एकच सण मोकळा असतो. मी आणि दादा दोघंच.

थंडी टिकली की हापूस एक वाईट गोष्ट करतो. पहिल्या मोहोराला कणी धरलेली असतानाच त्याच फांदीवर दुसरा मोहोर काढतो, आणि झाड सगळी ताकद नव्या मोहोराकडे वळवतं. जुनी कणी गळून पडते. त्यावर जिबरेलिक आम्ल. एक ग्रॅम वीस लिटरला, म्हणजे ५० पीपीएम. पावडर पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, तेव्हा पावडर तळाला बसून राहिली होती. काल ते मारून झालं.

२६ जानेवारी

कालच्या पद्म पुरस्कारांच्या यादीत हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा आहेत, कमी थंडीत येणारं एचआरएमएन-९९ हे सफरचंद त्यांनी तयार केलं. आनंद वाटला, शेतकऱ्याच्या अंगणात निघालेली जात एवढी पोचली. सकाळीच शेजारचे काका फोटो घेऊन आले : सहा रिकाम्या जागी सफरचंद लावू या, रोपवाला घरपोच देतो म्हणतो.

त्यांना समजावून सांगितलं. काश्मीर-हिमाचलच्या नेहमीच्या डेलिशियस सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांखालचे साधारण हजार तास लागतात, त्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. ही नवी जात त्या अटीतून बरीच सुटलेली आहे, हे खरं. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर मुळं पाण्यात असतात. दोन रोपं परसात हौसेने लावायला हरकत नाही, धंदा त्यावर उभा करायचा नाही. ज्या झाडाला ही माती, हा पाऊस अंगवळणी आहे त्याचं नाव अजून आपल्याला बाजारात सांगता येत नाही, आधी ते करू. काकांना पटलं की नाही कळलं नाही. चहा घेऊन गेले.

सहा जागी हापूसच लावायचा.

२६ फेब्रुवारी

काल-आज ठाणे, मुंबई, रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा. फेब्रुवारीत. रजा टाकून आले. दुपारी दोनला सावलीत ३९. पहिल्या मोहोराची फळं सुपारीपासून गोटीएवढी, काही अंड्याच्या आकाराकडे. झाडाखाली पांढऱ्या देठाची गळ पडलेली. एका झाडाखाली मोजली, १३६.

झाडामागे १५०-२०० लिटर पाणी, दर पंधरा दिवसांनी. बोअर दोन तास चालून दम टाकते, त्यामुळे एका रात्रीत २५ च झाडं होतात. फळांची ६४ झाडं आधी. आळ्यात भाताचा पेंढा आणि वाळका पाला चार बोटं जाड अंथरला. त्याने ओल टिकते, आणि तापलेल्या जमिनीची वाफ खालच्या फळांना लागत नाही. साक्याचं एक कारण ही धग आहे. वरून सोनेरी दिसणारा आंबा आत पांढरट, रबरासारखा निघतो, गिऱ्हाईक कापेपर्यंत कोणालाच कळत नाही. एका साक्यासाठी दहा माणसं पुढच्या वर्षी पाठ फिरवतात.

१३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का फवारलं, संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

१६ मार्च

पिशव्या. वर्तमानपत्राच्या, २५ बाय २० सेंमी, फळ अंड्याएवढं झालं की चढवायच्या. ४,२०० झाल्या, अजून दोन दिवसांचं काम. वाडीवरच्या सात जणी. हात पोचेल तिथवर जमिनीवरून, वर शिडीने. देठाला पिळा द्यायचा पण करकचून नाही. पिशवीतल्या फळावर डाग पडत नाही, फळमाशीला अंडी घालायला जागा मिळत नाही, रंगही एकसारखा येतो. मजुरी पिशवीमागे ठरवली होती. तीन दिवसांनी हिशोब बघितला तर जी बाई सावकाश, नीट बांधते तिलाच कमी पैसे जात होते. मग रोजावर आणलं. गळ कमी झाली.

फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगले, दोन एकराला चार.

३० मार्च, गुढीपाडवा

पेट्या आल्या. भिवंडीहून टेम्पोने, ५०० नग, सपाट. पुठ्ठा पाच पदरी, दोन बाजूंना हवेची भोकं. वर मोठ्या अक्षरात "मुरबाड हापूस", खाली "जि. ठाणे", काढणीची तारीख लिहायला चौकोन, झाडाचा क्रमांक लिहायला दुसरा चौकोन.

हापूसच्या भौगोलिक मानांकनाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते मिळालं ते रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापुरतं नव्हे. रायगड, ठाणे, पालघरही त्यात आहेत. म्हणजे मुरबाडच्या शेतकऱ्याने आपल्या आंब्याला हापूस म्हणणं हा त्याचा हक्क आहे. त्याला देवगड म्हणणं ही फसवणूक, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने केली तरी. या मानांकनाची अधिकृत वापरकर्ता म्हणून माझी नोंदणी फेब्रुवारीत झाली. सातबाऱ्यावरची आंब्याची नोंद जुनी होती, तलाठी कार्यालयात तीन फेऱ्या पडल्या, पण झाली.

आप्पांनी पहिली पेटी स्वतः उभी करून घड्या घातल्या आणि गुढीपाशी ठेवली.

२० एप्रिल

पहिली काढणी. सकाळी सात ते दहा. उन्हात काढलं की फळ तापतं. नूतन झेल्याने, बोटाच्या दोन पेरांएवढा देठ ठेवून. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथे काळी रेघ उमटते.

चौदा आणे, म्हणजे सोळा आण्यांतला चौदा आणे तयार झालेलाच काढायचा. खांदे देठाच्या वर आले का, रंग गर्द हिरव्यावरून फिका झाला का, ते बघायचं. शंका आली तर बादलीत. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. दादा बादलीकडे बघतही नाहीत, लांबून सांगतात. ५० फळं तपासली, दादांची तीन चुकली. माझी अकरा.

६० डझन. ४० वाशीला, २० घरी आढीला. पेंढ्याचा थर, आंब्याचा थर, पुन्हा पेंढा, खोलीचं दार बंद.

२२ एप्रिल

पहाटे चारला वाशी. मुद्दाम दुसऱ्या गाळ्यावर गेले. शेठनी फळ हातात घेतलं, वास घेतला, एक चिरलं. "ताई, माल नंबर एक आहे. पण पेटीवर मुरबाड वाचलं की गिऱ्हाईक हात लावत नाही. कोऱ्या क्रेटमध्ये द्या, मी विकून दाखवतो." निदान दुसऱ्याचं नाव लावतो म्हणाले नाहीत. कोऱ्या क्रेटमध्ये दिला. हमाली, तोलाई, वाराई वजा जाता डझनाला ४२० पडले.

आपल्या पेट्या ठाण्यातच विकायच्या.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

काल आणि आज मिळून ८४ पेट्या गेल्या. नौपाड्यातल्या दोन सोसायट्या, पाचपाखाडीत माझ्या मैत्रिणीची गच्ची, कळव्यात आमचा जिना. डझनाला ८००. एका आजोबांनी पेटी फिरवून वाचली आणि म्हणाले, "मुरबाडला हापूस होतो?" त्यांना एक आंबा कापून दिला. उभ्याउभ्या खाल्ला, हात धुवायला पाणी मागितलं आणि दोन पेट्या घेतल्या. झाडाच्या क्रमांकाबद्दल बायका जास्त विचारतात. ११७ नंबरचा गोड लागला, पुढच्या वेळी त्याचाच द्या. एवढं ऐकायला मी वर्षभर थांबले होते.

७ मे

काल संध्याकाळी वादळ झालं. ठाण्यात वारा सुटला तेव्हा दादांना फोन लावत होते, लागत नव्हता. रात्री साडेनऊला लागला. ते म्हणाले, "पडतोय ताई. ऐकू येतोय पडलेला."

आज पहाटेच पोचले. जमिनीवर हिरवा सडा. कल्टारच्या झाडांचा निम्म्याहून जास्त माल आधीच उतरला होता, ते वाचलं. उशिरा मोहोरलेली झाडं मात्र ऐन भरात होती, फळ दहा आणे-बारा आणे. फुटलेलं, चिरलेलं बाजूला काढून १,१०० किलो कैरी भरली. कल्याणच्या बाजारात पडेल त्या भावाने गेली. आकडा इथे लिहीत नाही, बिल वहीच्या मागे लावलं आहे.

तीन फांद्या मोडल्या, एक झाड (क्र. ४३) मुळासकट आडवं. आप्पांना मोडलेल्या फांद्या सांगितल्या, झाडाचं अजून नाही. २०२१ च्या तौक्तेत याहून जास्त गेलं होतं, पण तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं.

आता झाडावर आहे त्याची काळजी. ओल्या फळावर करपा बसतो, तो पिकताना दिसतो, गिऱ्हाइकाच्या घरी. आणि पावसानंतर फळमाशी उसळते. पडलेलं, किडकं फळ रोज वेचून खड्ड्यात पुरायचं, एकही राहता कामा नये.

११ मे

परसात चूल मांडली. लग्नाचं मोठं पातेलं, पाणी ५२ अंशांवर, आंबे दहा मिनिटं बुडवून सावलीत वाळवले. तापमापक घेऊन मी स्वतः उभी राहिले. ५५ च्या पुढे गेलं की साल भाजते, ५० च्या खाली करपा मरत नाही. एका वेळी चार डझन. दिवसभरात ५२ डझन. वहिनींच्या आणि माझ्या हातांची कातडी सुरकुतली आहे.

आढीतले उघडून बघितले. न बुडवलेल्या डझनात तीन-चार डागी, बुडवलेल्यात एखादा. म्हणजे करायचंच.

१८ मे

पेट्या २७१ झाल्या. डागी फळ पेटीत घातलं नाही. चार वेळा हात गेला, चार वेळा काढला. त्याचा रस काढून विकतोय, बरणीवर तेच नाव.

२६ मे

आज मान्सून मुंबईत पोचला. गेल्या वर्षी ९ जूनला, यंदा चौदा दिवस अलीकडे. गेल्या आठवड्याच्या सरींतच काढणी थांबवली होती. उरलेल्या झाडांवर साधारण ९० डझन होता तो गेला.

हिशोब : आपल्या पेटीत ३१८ पेट्या, म्हणजे ६३६ डझन. वाशीला कोरा ४१० डझन. रसाला साधारण १९० डझन. कैरी वेगळी. ५०० ची धरलेली संख्या गाठली नाही, पण जेवढा आंबा पिकून विकला गेला त्यातला निम्म्याहून जास्त आपल्या नावाने गेला. १८२ पेट्या सपाट, कोरड्या, माळ्यावर. साक्याच्या तक्रारी १४, प्रत्येकाला बदली आंबे दिले.

उशिराच्या झाडांवर पुढे मेअखेरपर्यंत फळ ठेवायचं नाही. वरच्या बांधाची २२ झाडं सोडून बाकीच्यांना यंदा भरपूर शेणखत आणि विरळणी. ज्यांचा जोम दिसेल त्यांनाच जुलैअखेर कल्टार.

८ जून २०२५

ओढ्याकाठच्या रायवळच्या कोया गोळा केल्या. वाडीवरची पोरं खाऊन टाकतात ती. बाठा ताजा हवा, महिनाभर पडून राहिला की रुजत नाही. २१० निघाल्या. गादीवाफ्यावर पोट खाली, पाठ वर, बोटभर अंतराने ओळीत लावल्या. तांबडी कोवळी रोपं आली की त्यांच्यावर ११७ च्या काड्या बांधायच्या. सहा जागा होत्या, आता ४३ धरून सात.

आप्पांना आज ४३ चं सांगितलं. त्यांनी वाफ्यातली एक कोय उलटी पडली होती ती सरळ केली आणि म्हणाले, "त्या जागी पहिलं कलम."